खाड्याची गोळी

"पिवळं हाय."

मामा असं म्हणाले आणि मी झटकलेलं धोतर दोन्ही हातांत धरून तारेखाली तशीच उभी राहिले.

"काय पिवळं हाय?"

"धोतर. दुसरं काय? हळदीच्या पाण्यातनं काढल्यागत दिसतंय. घरातला साबण संपला काय?"

माघातली सकाळ होती, नऊचं लख्ख ऊन पडलेलं. ते धोतर मी आदल्या दिवशी सोड्याच्या पाण्यात भिजवलं होतं, सकाळी उकळून काढलं होतं, दगडावर आपटून आपटून माझे खांदे भरून आले होते. मला तरी ते पांढरंच दिसत होतं.

"मामा, जरा डोळं चोळून बघा."

"डोळ्याचं मला सांगू नगंस, पोरी."

मामा म्हणजे माझे सासरे, गंगाप्पा मुसळे. इचलकरंजीत चव्वेचाळीस वर्षं त्यांनी कापडात काढली. आधी मागावर, मग घडीखात्यात कापड तपासायला. टेबलावर तागा पसरला की मान जरा तिरकी करून बघायचे आणि तिळाएवढा डाग बोटानं दाखवायचे. इतरांना तो दाखवूनसुद्धा दिसायचा नाही. गंगाप्पा पांढरं म्हणाला की पांढरं, असं व्यापारी म्हणत. अशा माणसानं माझ्या धुण्याला पिवळं म्हणावं!

मी आधीच फटकळ. माझ्या भाकरीला नावं ठेवा, रंगाला ठेवा, माहेराला ठेवा, एकवेळ ऐकून घेईन. पण धुण्याला? आमच्या आळीत नवी सून आली की तिची सासू तिला आमच्या तारेकडं बोट करून सांगायची, असं धुवायला शीक. मी त्या दिवशी धोतर तारेवर नुसतं फेकलं आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाही.

बावीस वर्षं झाली त्याला. अजून पांढरं काही वाळत घालताना माझा हात मध्येच थांबतो.

त्या साली दिवाळीत माझ्या सासूबाई, आत्ती, गेल्या. आजारपण नाही, काही नाही. सकाळी चूल पेटवता पेटवता बसल्या त्या उठल्याच नाहीत. मामांचं जेवणखाण, धोतर, औषध, सगळं त्याच बघत होत्या. त्या गेल्यावर ते माझ्याकडं आलं. आमचे हे, म्हणजे बसवंत, कारखान्यात जॉबर. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी यायचे. त्यामुळं घरात दिवसभर मामा आणि मी.

मामांना हृदयाचं दुखणं होतं. सहा वर्षांपूर्वी एकदा पायावर सूज आली, धाप लागायला लागली, तेव्हा आमच्या घोडके डॉक्टरांनी एक बारकी पांढरी गोळी सुरू केली होती. दररोज सकाळी एक, पण आठवड्याला पाचच. शनिवार-रविवार गोळीला सुट्टी. आत्तींनी ती सुट्टी सहा वर्षं पाळली. गोळ्या ठेवायच्या कुठं, तर स्वतःच्या कुंकवाच्या जुन्या करंड्यात. त्या गेल्यावर करंडा तसाच माझ्या हातात आला. आत कुंकवाचा वास आणि गोळ्या.

आत्ती गेल्यावर मामा अर्धे झाले. भाकरी चतकोरावर आली. अंगावरची बंडी खांद्यावरून घसरायला लागली. आधी चांगला भरदार माणूस होता तो, दोन तागे खांद्यावर टाकून जिना चढणारा. मार्गशीर्षात एका रविवारी दुपारी म्हणाले, "पोरी, छातीत जरा फडफडतंय."

मी घाबरले. "डॉक्टरांकडं जाऊया काय?"

"डॉक्टर काय करतोय? दोन दिस खाडा पडलाय न्हवं गोळीचा, म्हणून हुतंय."

"खाडा न्हवं मामा, सुट्टी हाय. डॉक्टरांनीच दिल्या."

मामा हसले. "सुट्टी काय फुकट मिळती व्हय? आमच्या कारखान्यात ज्या दिशी वीज बंद, त्या दिशी माग बंद. मग दुसऱ्या दिशी डबल पाळी करून तेवढं कापड उतरवायचंच. चव्वेचाळीस वर्सात माझा एक खाडा भरून काढायचा ऱ्हायला न्हाई. ह्या गोळीचा मातर सहा वर्सं पडतोय. तुझ्या सासूला कितींदा सांगितलं, ऐकली न्हाई. हट्टी हुती."

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला कळायला नको का? पण मीही लग्नाआधी आईबरोबर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जात होते. खाडा पडला की भरून काढायचा, हे माझ्याही अंगात भिनलेलं. सुट्टी म्हणजे काम उद्यावर ढकलणं, एवढंच आम्हाला ठाऊक. आणि खरं सांगू? आत्तींनी जे ऐकलं नाही ते मी ऐकलं, तर म्हाताऱ्याला आपलं कुणी आहे असं वाटेल, हेही मनात होतं. त्या सोमवारी मी दोन गोळ्या दिल्या. मंगळवारी दोन. बुधवारपासून एकेक. खाडा फिटला. पुढं दर आठवड्याला हेच.

आणि मामांना बरं वाटलं! पौषात चांगले चौकापर्यंत चालत जाऊन यायचे. "बघ, म्हणत न्हवतो?" म्हणायचे. मी मनातल्या मनात आत्तींना वेडावून दाखवलं. पाप माझं. औषधाच्या दुकानातला माणूस एकदा म्हणालासुद्धा, "वहिनी, ह्या खेपेला गोळ्या लवकर संपल्या?" मी म्हटलं, "तुला विकायच्यात न्हवं? मग दे की." त्यानं दिल्या.

माघात ते धोतराचं सुरू झालं.

एक दिवस धोतर पिवळं, एक दिवस बंडी पिवळी. मग टोपी. मग म्हणाले दूध पिवळं दिसतंय, म्हशीचं बंद करून गाईचं लावलंस काय? मी साबण बदलला. पाणी बदललं, नळाचं सोडून विहिरीचं आणलं. रोज सकाळी धोतर नेसून झालं की मामा सोगा उचलून उन्हात धरायचे, मान तिरकी करायचे, आणि खाली सोडायचे. बोलायचे नाहीत. ते न बोलणं मला जास्त झोंबायचं.

एकदा मी ह्यांना म्हटलं, "तुमचे अण्णा मला मुद्दाम टोचतात. आत्तींच्या हातचं धुणं आठवतंय त्यांना."

हे म्हणाले, "म्हातारं माणूस हाय. सोड की."

"मी सोडते. त्यांना सोडाय सांगा."

तोवर मामांचं जेवण आणखी तुटलं. ताटावर बसले की तोंड फिरवायचे. मळमळतंय म्हणायचे. घास घशाखाली उतरायचा नाही, उतरला तर उलटून पडायचा. दुपारभर भिंतीला टेकून बसून असायचे. फाल्गुनात मी आणि हे त्यांना रिक्षात घालून घोडके डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टर चांगला माणूस, आमच्या घरची तीन बाळंतपणं त्यांनीच केलेली. त्यांनी छाती तपासली, रक्त-लघवी तपासायला लावली. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आम्ही परत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला आहे. ह्या वयात इतका चांगला फारसा बघायला मिळत नाही. गंगाप्पा, बायको गेली की माणसाची भूक जाते. वय झालं. टॉनिक देतो. आधीच्या गोळ्या आहेत तशा चालू ठेवा."

हे म्हणाले, "व्हय, व्हय."

मग डॉक्टरांनी मामांना विचारलं, "आणि काय त्रास होतोय? सांगा की."

मामा जरा पुढं सरकले. आवाज बारीक झाला होता त्यांचा. "डॉक्टर, सगळं पिवळं दिसाय लागलंय. धोतर तर..."

"मामा!" मी मध्येच बोलले. कानशिलं तापली माझी. "इथंसुद्धा? डॉक्टरांना माझ्या धुण्याचं गाऱ्हाणं सांगताय? परक्या माणसासमोर?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. "अरे, सासरा-सुनेचं भांडण चाललंय होय! त्यावर माझ्याकडं गोळी नाही." हेही हसले.

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "न्हाई. तसं काय न्हाई. बरं हाय."

माझं काय जात होतं त्यांना बोलू दिलं असतं तर? एक वाक्य. एवढंच एक वाक्य त्यांना पुरं करू द्यायचं होतं.

पण मला जिंकायचं होतं ना! घरी येताना रिक्षा थांबवून मी निळीची मोठी बाटली घेतली. आमच्याकडं बादलीला चार थेंब नीळ टाकायची रीत. मी टोपणभर टाकली. मामांनी सोगा उन्हात धरला. "अजून जरा पिवळट हाय," म्हणाले. दुसऱ्या खेपेला दोन टोपणं. मग अंदाज बघणंच सोडलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी धोतर बादलीत बुडवलं, वरून बाटली उपडी केली आणि काठीनं ढवळलं.

तारेवर धोतर चढलं आणि शेजारच्या चंपाकाकू कुंपणावरून बघून खुदकन हसल्या. "म्हादेवी, आगं हे काय? आकाश वाळत घातलंस काय गं?"

"तुम्ही तुमची तार बघा," मी म्हटलं. पण मलाही दिसत होतंच. निळंशार झालं होतं धोतर. माझ्या धुण्याची आळीभर शोभा होणार होती. तरी म्हटलं होऊ दे. आता म्हातारा निळं हाय म्हणेल, मग मी म्हणेन, बघा, आता तरी पिवळं न्हाई न्हवं!

पाडव्याला सकाळी मामांनी ते धोतर नेसलं. गुढीला नमस्कार केला. मग अंगणात आले आणि सवयीनं सोगा उन्हात धरला. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी.

किती वेळ बघत होते. मग त्यांचं तोंड उजळलं.

"आज पांढरं झालं बघ," म्हणाले. "पांढरंशुभ्र. पोरी, असं कापड मी घडीखात्यात दहा वर्सांतनं एकदा बघितलं असंल. तुझ्या सासूला पण जमलं न्हवतं."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. पण नाही, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती, पहिल्यांदा. मी पाया पडले. त्या दिवशी पुरणपोळी करताना मी गुणगुणत होते. लेकीनं विचारलं, "आई, आज काय झालंय तुला?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी मला पास केलंय."

ते निळं धोतर मामांना पांढरं कसं दिसलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. जिंकलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

आठ दिवसांनी मामा मोरीत पडले. नाडी सापडेना. सापडली ती इतकी थांबत थांबत लागत होती की घोडके डॉक्टरांनी लगेच गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, इनामदार नावाची. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली. पट्टी बघता बघता तिनं विचारलं, "आजोबा कुठल्या गोळ्या घेतात?"

मी पिशवीतून करंडा काढून दिला. तिनं गोळी उलटीपालटी करून बघितली. मग मामांच्या हाताचं मनगट आपल्या बोटांत धरलं. अंगठा आणि करंगळी सहज जुळत होती.

"वजन किती आहे ह्यांचं?"

हे म्हणाले, "पासष्टाच्या आसपास असंल."

"कधी केलं होतं?"

"ही गोळी सुरू केली तवा. सहा वर्सं झाली."

त्यांनी तिथंच वजन केलं. एक्केचाळीस भरलं. हे काट्याकडं बघतच राहिले. रोज घरात असलेलं माणूस इतकं उतरलं ते आम्हाला दिसलं नव्हतं.

"जेवण जात नव्हतं? मळमळ?"

"व्हय."

"आणि हे सांगा," ती माझ्याकडं वळली, "ह्यांना सगळं पिवळं दिसतंय असं कधी म्हणाले होते का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हेच म्हणाले, "म्हणत हुते. दोन महिने धोतरावरनं भांडण चाललंय घरात. का हो?"

"ते ह्या गोळीमुळं. अंगात जास्त साठली की पांढरं पिवळं दिसायला लागतं."

ती सांगत होती, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखी. ही गोळी रक्तातून बाहेर काढायचं काम मूत्रपिंडांचं. म्हातारपणी त्यांचं काम मंद होतं. आजची गोळी बाहेर पडायच्या आत उद्याची येऊन बसते. त्यात अंगावर मांस नाही. धडधाकट माणसाच्या अंगात हे औषध मांसात मुरतं, ह्यांच्यात मुरायला जागाच नाही, सगळं रक्तात फिरत राहतं.

"पण मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला आला हुता," हे म्हणाले.

"तो रिपोर्ट मांसाची झीज मोजतो. मांसच नसेल तर आकडा चांगलाच दिसतो. फसायला होतं त्यात. सहा वर्षांपूर्वी जे गंगाप्पा होते, त्यांच्या मापाची गोळी आहे ही. आजच्या गंगाप्पांना अर्धीसुद्धा जड झाली असती." मग ती म्हणाली, "शनिवार-रविवार सुट्टी तरी पाळत होता ना?"

हे म्हणाले, "व्हय, ती तर पहिल्यापास्नं पाळतोय. काय गं?"

आता सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं.

"मी घेत हुतो."

आम्ही सगळे वळलो. मामांनी डोळे उघडले होते. "सोमवार-मंगळवार दोन-दोन घेत हुतो. खाडा भरून काढाय. करंड्यातनं माझ्या हातानं काढून घेत हुतो. पोरीला काय म्हायती न्हाई."

हे कपाळावर हात मारून म्हणाले, "आण्णा! आवो काय केलं हे!"

डॉक्टरीण मामांच्या जवळ गेली. रागावली नाही. "आजोबा, सुट्टी गोळीला असते. शरीराला नसते. त्या दोन दिवसांत तुमचं शरीर पाच दिवसांचं साठलेलं बाहेर काढत असतं. तेच त्याचे कामाचे दिवस."

"आसं व्हय," मामा म्हणाले. "कुणी सांगितलंच न्हाई. आमी आपलं माग बंद म्हणजे सगळंच बंद, आसं धरून चाललो."

गोळी बंद केली. सलाईन लावलं. ती म्हणाली, आता वाट बघायची. गोळी आत जायला घोटभर पाणी पुरतं, ह्यांच्या अंगातून बाहेर पडायला आठवडा लागेल. तेवढे दिवस हृदयानं तग धरला पाहिजे.

संध्याकाळी हे चहा आणायला खाली गेले तेव्हा मी खाटेजवळ गेले. "मामा, खोटं का बोललासा? मी देत हुते."

"मी मागितली म्हणून देत हुतीस."

"मी न्हाई म्हणायचं हुतं. आत्ती न्हाई म्हणत हुत्या."

"आगं, तुला ह्या घरात अजून लई दिस काढायचं हायत. बसवंता मनात धरणारा हाय, माझ्यावर गेलाय. मी काय, आज हाय, उद्या न्हाई. माझ्यावर रागवून कुठं जातोय त्यो?" मग डोळे मिटून म्हणाले, "आता गप्प बस. आणि पुन्ना हे काढायचं न्हाई. माझी शपथ हाय."

मी त्यांचे पाय दाबत बसले. नडग्यांना नुसती कातडी होती. इतके दिवस त्या पायांवरचं धोतरच मी बघत होते.

दोन दिवस मी देवाला एकच मागत होते, एवढं बाहेर पडू दे. रोज नर्स लघवीचं माप लिहून न्यायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघायची. नाडी जरा सुधारली. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दोन घोट पेज घेतली, ती पोटात राहिली. घरून आणलेलं स्वच्छ धोतर मी त्यांच्या पायांवर पांघरलं होतं. ते पाडव्याचंच. खिडकीतून ऊन आलं होतं. मामांनी हात लांब करून धोतराचा सोगा उचलला, उन्हात धरला आणि मान तिरकी केली.

"पोरी."

"काय मामा?"

"हे निळं का गं?"

मी वाकून त्यांच्या पायांवरचं धोतर सारखं केलं.

"आगं, केवढी नीळ घातलीस ही! चांगल्या धोतराचा सत्यानाश केलास की." आणि हसायला लागले. हसताना धाप लागली त्यांना. "चंपीनं बघितलं काय? आळीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस म्हाताऱ्याला. पाडव्याला हेच नेसून हिंडलो व्हय मी?"

"व्हय," मी म्हटलं. मीही हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते.

"घरी गेल्यावर साध्या पाण्यातनं काढ. तीन-चार पाण्यानं जाईल नीळ."

मी धावत जाऊन इनामदार डॉक्टरणीला सांगितलं, "त्यांना निळं दिसतंय! निळ्याचं निळं दिसतंय!" तिचाही चेहरा खुलला. "उतरतंय म्हणजे. छान. अजून तीन-चार दिवस जपायचं." मी ह्यांना म्हटलं, उद्या येताना आत्तींचा फोटो आणा, मामांना बरं वाटेल. हे म्हणाले, आणतो.

चौथ्या दिवशी सकाळी हे फोटो घेऊन जिना चढत होते आणि आत मामांचं हृदय भलतंच पळायला लागलं. डॉक्टर, नर्स, सगळे धावले. मला बाहेर काढलं. पंधरा मिनिटांनी ती डॉक्टरीण बाहेर आली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचेच हात गार पडले होते. म्हणाली, "अंगात थोडं राहिलं होतं हो. थोडंच."

दुपारी त्यांना घरी आणलं. अंगणात माणसं जमली होती. नेसवायला धोतर कुठलं, असं कुणीतरी विचारलं. चंपाकाकू म्हणाल्या, नवं आणायला पाठवा. मी म्हटलं, नवं नको. पिशवीतून ते निळं धोतर काढलं आणि मागच्या दारी दगडावर जाऊन बसले.

पहिल्या पाण्यात नीळ भळाभळा सुटली. दुसऱ्या पाण्यात कमी. साबण नाही, सोडा नाही, नुसतं साधं पाणी. पुढच्या अंगणातून ह्यांचा आवाज येत होता. आल्यागेल्याला सांगत होते, "आण्णांनी आपल्या हातानं गोळ्या जादा घेतल्या. कुणाला सांगितलं न्हाई. हट्टी माणूस, काय करणार?" लोक च्च् च्च् करत होते. हात पाण्यात घालून मी ऐकत होते.

चौथं पाणी टाकलं. पाचवं टाकलं. हे मागच्या दारी आले, डोळे सुजलेले. "आगं, लोकं खोळंबल्यात. पांढरं झालंय की ते. आणि किती धुशील?"

मी धोतर उन्हात धरलं, मान तिरकी करून बघितलं. ह्यांच्याकडं वळले. त्या घडीला सगळं ओठांवर आलं होतं. करंडा, सोमवार, मंगळवार, डॉक्टरांसमोर मी तोडलेलं वाक्य. आणि मामांची शपथ.

"व्हय," मी म्हटलं. "पांढरं झालंय."

धोतर पिळलं, झटकलं, आणि पुढं हे जे सांगत होते तेच खरं, असं तोंड करून आत गेले. बावीस वर्षं तसंच तोंड करून आहे.